अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत लवकरच्या फेरीत अर्ज : महाराष्ट्र बोर्डाच्या मुलामुलींसाठी

बारावीचा जानेवारी कसा असतो हे आपल्याकडच्या घरांना सांगावं लागत नाही. पूर्वपरीक्षा, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर राहिलेल्या सह्या, जेईई मेनचं पहिलं सत्र आणि पुढ्यात बोर्ड. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या नियमित फेरीची मुदत नेमकी याच दिवसांत, १ ते ५ जानेवारीच्या आसपास संपते. लवकरच्या फेरीची मुदत मात्र साधारण १ नोव्हेंबर असते आणि निकाल डिसेंबरच्या मध्यात लागतो. आपल्या बोर्डाच्या मुलांनी या फेरीचा विचार करावा असं मला वाटतं, त्याचं पहिलं कारण हे वेळापत्रक.

मी सांगलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजमधून अर्ज केला होता. तेव्हापासून दरवर्षी आमच्या भागातल्या काही मुलामुलींचे अर्ज शेजारी बसून बघते. प्रत्येक घरात चर्चा सुरू होते ती नावांपासून: हार्वर्ड की स्टॅनफर्ड? माझं म्हणणं, सुरुवात घरच्या आकड्यापासून करा. लवकर अर्ज कुठे करायचा हे तो आकडा ठरवतो.

१. आधी फेऱ्यांचे नियम नीट समजून घ्या

लवकरच्या अर्जाचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचे नियम वेगळे आहेत.

अर्ली डिसिजन म्हणजे बांधील अर्ज. तो एकाच ठिकाणी करता येतो. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. तशा करारावर विद्यार्थी, पालक आणि कॉलेजचा प्रतिनिधी अशा तिघांच्या सह्या होतात. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न यांच्याकडे हीच पद्धत आहे.

अर्ली ॲक्शन बांधील नसतं. निकाल लवकर कळतो, पण होकार कळवायला १ मेपर्यंत वेळ असतो. एमआयटीची पद्धत ही.

तिसरा प्रकार मर्यादित अर्ली ॲक्शन: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड. हाही बांधील नाही. अट एवढीच की त्याच वेळी दुसऱ्या खासगी अमेरिकी विद्यापीठात लवकरच्या फेरीत अर्ज करायचा नाही. सर्वाधिक घोळ इथेच होतो. एमआयटीची स्वतःची काही आडकाठी नसल्यामुळे मुलं हार्वर्ड आणि एमआयटी दोन्हीकडे लवकर अर्ज करायला निघतात. ते चालत नाही, कारण मनाई हार्वर्डच्या बाजूने आहे. अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं आणि अमेरिकेबाहेरची विद्यापीठं यांना मात्र साधारणपणे मोकळीक असते. त्यामुळे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा अर्ज, ज्याची मुदत ऑक्टोबरच्या मध्यात संपते, सोबत करता येतो. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे अपवाद शब्दशः लिहिलेले असतात. ते स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

काही ठिकाणी जानेवारीत बांधील अर्जाची दुसरी फेरीही असते, उदाहरणार्थ व्हँडरबिल्ट, शिकागो, जॉन्स हॉपकिन्स. डिसेंबरात नकार आला तर हा रस्ता उरतो.

२. घरी पैशांचं बोलणं, तेही जुलैच्या आत

या विद्यापीठांचा राहण्या-जेवण्यासकट खर्च वर्षाला ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात जातो. म्हणजे वर्षाला पाऊण कोटी किंवा त्याहून थोडे जास्त, आणि चार वर्षांचे तीन कोटींच्या वर. एवढे पैसे बाजूला ठेवलेली घरं फार थोडी. उरलेल्यांनी आर्थिक मदतीवरच अवलंबून राहायचं आहे, आणि इथे विद्यापीठांचे दोन गट पडतात.

पहिल्या गटाला नीड-ब्लाइंड म्हणतात. प्रवेशाचा निर्णय घेताना हे लोक तुमची ऐपत बघत नाहीत आणि घेतल्यावर गरजेइतकी पूर्ण मदत देतात. परदेशी विद्यार्थ्यांनाही हा नियम लावणारी ठिकाणं मोजकी, त्यांतली काही: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट आणि अलीकडे ब्राउन. दुसरा गट नीड-अवेअर. स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया, कॉर्नेल, ड्यूक हे परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत या गटात येतात. तुम्ही मदत मागितली आहे हे त्यांच्या निर्णयात धरलं जातं आणि त्याने प्रवेश अवघड होतो.

हे कळल्यावर कोणीतरी हमखास सल्ला देतं: आत्ता मदत मागू नका, प्रवेश मिळू दे, दुसऱ्या वर्षी मागू. हा सल्ला अजिबात ऐकू नका. नीड-अवेअर विद्यापीठांपैकी अनेकांचा नियम असा की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढे चारही वर्षं ती मागता येत नाही. स्टॅनफर्डचा नियम हाच आहे. जमीन विकून पहिलं वर्ष भरायचं आणि मग बघू, असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांना मी हा नियम उघडून दाखवते.

बांधील अर्जाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. प्रवेश मिळाला पण दिलेली मदत घराला परवडणारी नसेल, तर करारातून सुटका मिळते. ते मान्य कारण आहे. मात्र त्यासाठी मदतीचा अर्ज वेळेत आणि पूर्ण भरलेला हवा. शिवाय हातात एकच प्रस्ताव असल्यामुळे दुसऱ्या विद्यापीठाने काय देऊ केलं असतं, याची तुलना करता येत नाही. म्हणून आईवडिलांसोबत बसून वर्षाला जास्तीत जास्त किती देता येतील तो आकडा कागदावर लिहा. तो लहान असेल तर माझा कल पहिल्या गटाकडे आहे: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटीपैकी एक, किंवा मन पक्कं असेल तर डार्टमथ अथवा ब्राउन.

दोन गैरसमजही इथेच काढून टाका. आयव्ही लीग या गटातली आठ विद्यापीठं (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे) गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, मदत फक्त गरजेवर मिळते. त्यामुळे ‘गुणांवर ९० टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो’ असं हार्वर्डचं नाव घेऊन कोणी सांगत असेल तर तिथून उठून या. आणि फाफ्सा नावाचा अमेरिकी सरकारी मदतीचा जो फॉर्म व्हिडिओंमध्ये सतत दिसतो तो अमेरिकी नागरिक व तिथल्या कायम रहिवाशांसाठी आहे, तुम्हाला नाही.

३. लवकर अर्ज केल्याने संधी खरंच वाढते का?

आकडेवारीत लवकरच्या फेरीतलं प्रवेशाचं प्रमाण जास्त दिसतं. पण या फेरीत विद्यापीठाच्या संघांसाठी आधीच निवडलेले खेळाडू असतात, आणि जिथे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप मिळतं तिथे तीही असतात. ते वगळले तर फरक बराच कमी होतो. बांधील अर्जात थोडा फायदा आहे, कारण हा विद्यार्थी नक्की येणार हे विद्यापीठाला कळतं. कच्चा अर्ज मात्र लवकर केला म्हणून पक्का होत नाही. ऑक्टोबर उजाडला तरी निबंध कच्चे आणि एसएटी (अमेरिकी प्रवेशासाठीची परीक्षा) राहिलेली असेल तर नियमित फेरीच धरा.

४. नाव एकसारखं करा

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळं, आणि ‘गिव्हन नेम’मध्ये तुमचं व वडिलांचं नाव एकत्र. एसएटीची नोंदणी एका पद्धतीने, कॉमन ॲप (अनेक विद्यापीठांना एकच अर्ज पाठवायचं संकेतस्थळ) दुसऱ्या पद्धतीने आणि इंग्रजीची परीक्षा तिसऱ्याच पद्धतीने केली की विद्यापीठाच्या संगणकात तुमची वेगवेगळी माणसं तयार होतात. गुण पोचलेले असतात, पण तुमच्या फाईलला जोडले जात नाहीत. पासपोर्ट दहावीनंतरच काढून घ्या आणि त्यावर जसं नाव आहे तसंच सगळीकडे लिहा, स्पेलिंगसकट. गुणपत्रिकेत स्पेलिंग वेगळं असेल तर प्राचार्यांकडून लेटरहेडवर ‘ही एकच व्यक्ती’ असं पत्र घ्या.

५. परीक्षा

हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी एसएटी किंवा तशीच दुसरी परीक्षा एसीटी पुन्हा सक्तीची केली आहे. कुठे ती ऐच्छिक असली तरी महाराष्ट्र बोर्डाच्या विद्यार्थ्याने द्यावी, कारण आपल्या बोर्डाचे गुण तिथे नेमके कसे तोलायचे याला त्यातून आधार मिळतो. एसएटी आता लॅपटॉपवर, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये होते आणि सव्वादोन तासांत संपते. केंद्रं मुख्यतः मोठ्या शहरांत असतात, जागा लवकर भरतात. सांगली-लातूर-जळगावकडच्यांनी आदल्या दिवशी मुक्कामाला जाण्याची सोय आधीच बघावी. मूळ पासपोर्ट सोबत न्या, झेरॉक्स चालत नाही.

ऑगस्टची परीक्षा मुख्य धरा आणि ऑक्टोबरची राखीव ठेवा. नोव्हेंबरचे गुण अनेक ठिकाणी लवकरच्या फेरीला पोचत नाहीत.

शिक्षण मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर टोफेल, आयईएलटीएस किंवा डुओलिंगोपैकी एक इंग्रजीची परीक्षा सप्टेंबरपर्यंत उरका.

६. कॉलेजकडून येणारे कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो आपल्या हातातही नसतो.

अमेरिकी अर्जात नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण मागतात. नोव्हेंबरात बोर्डाचा निकाल नसतो. म्हणजे फाईलमध्ये नववी, दहावी, अकरावी आणि फार तर बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण. आपल्याकडे अकरावी म्हणजे क्लासचं वर्ष, कॉलेजची परीक्षा नावापुरती. या अर्जात मात्र अकरावीची गुणपत्रिका सर्वांत वजनदार कागद ठरते, कारण तुम्ही अलीकडे काय केलंत ते तीच दाखवते. हे वाचणारं कोणी दहावी-अकरावीत असेल तर त्याने एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे. नववीची गुणपत्रिका जुन्या शाळेतून शिक्क्यासह आणावी लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आणा.

कॉमन ॲपमध्ये ‘काउन्सिलर’ म्हणून एक माणूस लागतो. आपल्या कॉलेजांत असं पद नसतं. प्राचार्य, उपप्राचार्य किंवा पर्यवेक्षक चालतात. त्यांना तीन गोष्टी कराव्या लागतात: गुणपत्रिका चढवणं, स्वतःचं पत्र देणं आणि ‘स्कूल प्रोफाइल’ देणं. हे प्रोफाइल म्हणजे कॉलेजची एका पानाची ओळख: विद्यार्थी किती, शाखा कोणत्या, बोर्ड कोणतं, गुण कसे देतात, ८५ टक्क्यांच्या वर साधारण किती जण जातात. बहुतेक कॉलेजांकडे ते तयार नसतं. कार्यालयातून माहिती घेऊन कच्चा मसुदा तुम्ही टाईप करून दिलात तर कोणी नाराज होत नाही, तपासून सही-शिक्का मात्र त्यांचाच हवा.

शिक्षकांची दोन शिफारसपत्रं वेगळी. एमआयटीला एक गणित-विज्ञानाचं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राचं लागतं. इंटिग्रेटेड क्लासला जाणाऱ्यांची खरी अडचण इथे होते. प्रवेश एका कॉलेजात, शिकणं दुसरीकडे, आणि कॉलेजातल्या सरांना चेहराही माहीत नाही. अशा सरांनी लिहिलेलं ‘हुशार, मेहनती, शिस्तप्रिय’ छापाचं पत्र वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. बारावी सुरू होताच दोन शिक्षक निवडा आणि त्यांच्या तासाला खरोखर बसा. जूनमध्ये त्यांना एक पान लिहून द्या: त्यांच्या विषयात तुम्ही काय केलंत, कुठे अडलात, कोणता प्रश्न विचारला होता. आमच्याकडच्या एका मुलीच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी पत्रात एवढंच लिहिलं होतं की टायट्रेशनचं वाचन जुळलं नाही तेव्हा ती बाकीच्यांसारखं शेजारच्या टेबलवरून उतरवून न घेता सुट्टी झाल्यावर थांबली आणि ब्युरेट पुन्हा भरून मोजत राहिली. तेवढ्याने ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहते.

पत्र मराठीत लिहायचं असेल तरी हरकत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांकडून भाषांतर करून दोन्ही प्रती जोडा. शिक्षकांच्या नावाने तुम्ही ईमेल खातं काढून पत्र स्वतःच चढवणं हा प्रकार सर्रास चालतो. तो करू नका. ही फसवणूक आहे, आणि उघड झाली तर मिळालेला प्रवेशही जातो. सरांना संगणक जमत नसेल तर शेजारी बसा, बटण त्यांना दाबू द्या.

७. उपक्रम आणि निबंध

कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रम लिहायला जागा असते, प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं. एमआयटीचा अर्ज वेगळ्या संकेतस्थळावर असतो आणि तिथे उपक्रम आणखी कमी. आपली मुलं इथे प्रमाणपत्रं शोधत बसतात आणि जे रोज करतात ते सोडून देतात. यादीत ‘घरच्या जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ असे स्वतंत्र प्रकार आहेत. धाकट्या भावाला सांभाळणं, आजोबांचं डायलिसिस, किराणा दुकानाचा हिशेब हे सगळं तिथे बसतं.

लिहिताना कामाचा तपशील द्या. ‘शेतीत वडिलांना मदत’ यातून काही कळत नाही. ‘दोन एकर डाळिंब, ठिबकचं वेळापत्रक, फवारणीची नोंदवही माझ्याकडे, तेल्या रोग दिसलेल्या झाडांचा नकाशा’ यातून कळतं. तसंच आपल्या परीक्षांची ओळख करून द्या. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा राज्य शासन घेतं, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ऑलिम्पियाडमध्ये कितव्या टप्प्यापर्यंत गेलात, हे वाचणाऱ्याला आपोआप ठाऊक नसतं.

मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. कॉमन ॲप १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं, पण निबंधाचे विषय त्याआधीच जाहीर होतात, तेव्हा मे-जूनमध्ये पहिला खर्डा व्हायला हवा. मराठीत विचार करणाऱ्यांनी पहिला खर्डा मराठीतच लिहावा असं मी आग्रहाने सांगते. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की निबंधस्पर्धेतली भाषा येते, सुविचार येतात. मराठीत खरं काय ते आधी कागदावर येतं, मग इंग्रजीत नव्याने लिहा.

निबंध लिहून देणारे सल्लागार लाखांत पैसे घेतात. वर्षानुवर्षं हजारो अर्ज वाचणाऱ्याला सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज आणि विकतचा आवाज यातला फरक कळतो. सल्ला हवाच असेल तर अमेरिकी सरकारच्या एज्युकेशन-यूएसए या सेवेकडे जा. मुंबईत तिचं केंद्र आहे आणि प्राथमिक मार्गदर्शन मोफत मिळतं.

८. आर्थिक मदतीचा फॉर्म

बहुतेक विद्यापीठं सीएसएस प्रोफाइल हा फॉर्म मागतात आणि लवकरच्या फेरीत त्याचीही मुदत नोव्हेंबरातच असते. जवळ ठेवायचे कागद:

- आईवडिलांचे मागच्या दोन वर्षांचे आयकर विवरण, नोकरी असेल तर फॉर्म १६ आणि पगाराच्या स्लिपा
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- बँक, पोस्ट, भविष्य निर्वाह निधीचे उतारे
- शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ
- घराचे कागद, चालू कर्जांची पत्रं
- मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून ते लपवायचं, असं नाही. फॉर्ममध्ये ते दाखवावंच लागतं. सातबाऱ्यावर चुलत्यांचीही नावं असतील तर फक्त तुमच्या घराचा हिस्सा धरा आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात एकत्र कुटुंबाची मांडणी दोन-चार वाक्यांत समजावून सांगा. चलन रुपये निवडा आणि प्रत्येक आकडा वर्षाचा आहे ना, शून्यं बरोबर आहेत ना, हे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. फॉर्मची फी भरणं जड असेल तर विद्यापीठाच्या मदत कार्यालयाला ईमेल करून माफी मागता येते. अर्जाच्या फीसाठीही, जी साधारण ७५ ते ९० डॉलर असते, माफीची सोय आहे. ती घेतल्याने अर्जाचं वजन कमी होत नाही.

९. दसऱ्याला पत्रं, दिवाळीआधी अर्ज

१ नोव्हेंबर ही तारीख आपल्या दिवाळीच्या आगेमागे येते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला होतं. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. सुट्टी लागली की कार्यालयाला कुलूप, प्राचार्य गावी आणि फोन बंद. त्यामुळे कॉलेजने चढवायचं ते सगळं दसऱ्याच्या सुमाराला पूर्ण व्हावं आणि तुमचा अर्ज ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याआधी जावा.

फी भरताना आपली कार्डं अडतात, कारण परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते आधीच चालू करा. अर्ज गेल्यावर प्रत्येक विद्यापीठाकडून स्वतःच्या पोर्टलचा ईमेल येतो. तिथे कोणता कागद पोचला, कोणता नाही याची यादी असते. ती रोज बघा, स्पॅमचा फोल्डरही बघा. मुलाखतीसाठी माजी विद्यार्थ्यांचा ईमेल येतो तो पुष्कळदा तिथेच सापडतो. मुलाखत सर्वांना मिळत नाही, त्यामुळे आली नाही म्हणून घाबरू नका.

१०. डिसेंबरचा निकाल

उत्तर तीनपैकी एक असतं. नकार आला तर नियमित फेरीचे अर्ज पुढे न्या. त्यांचे निबंध नोव्हेंबरातच लिहून ठेवायचे, कारण निकालानंतर हातात दोनच आठवडे उरतात आणि त्यात पूर्वपरीक्षा असते.

‘डेफर्ड’ म्हणजे तुमचा अर्ज नियमित फेरीत पुन्हा वाचला जाणार. अशा वेळी सहामाहीचे गुण कॉलेजकडून पाठवा आणि जानेवारीत एक छोटं पत्र द्या: नोव्हेंबरनंतर नवीन काय झालं तेवढंच. ओळखीपाळखीची पत्रं, फुगवलेल्या विनवण्या पाठवू नका. निकाल मार्चच्या शेवटी कळतो.

होकार आला आणि तो बांधील असेल तर मदतीचं पत्र आईवडिलांसोबत ओळ न् ओळ वाचा. अनुदान किती, विद्यार्थ्याने काम करून मिळवायचे किती, घरून किती, विमानाचं भाडं धरलंय का. घरून द्यायचा आकडा वर दुसऱ्या मुद्द्यात कागदावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर मुदतीच्या आत मदत कार्यालयाला लिहा आणि कागद जोडून फेरविचार मागा. विमा, वडिलांची सुटलेली नोकरी, आजारपण अशा ठोस कारणांवर आकडे बदलतात. जमत असेल तर होकार कळवून बाकीचे अर्ज त्याच आठवड्यात मागे घ्या.

त्यानंतरही बोर्डाचा अभ्यास सोडायचा नाही. प्रवेश बारावीच्या अंतिम गुणांच्या अटीवर असतो आणि गुण घसरले तर विद्यापीठ तो रद्द करू शकतं. निकाल लागला की ऑनलाइन प्रिंटवर थांबू नका. मूळ गुणपत्रिका कॉलेजात येताच प्राचार्यांकडून अंतिम अहवालासोबत ती चढवून घ्या. आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र) आणि व्हिसाच्या मुलाखतीचं काम मात्र या निकालासाठी थांबवून ठेवू नका, होकार कळवल्यापासूनच सुरू करा.